तुम्ही विचारलंत म्हणून : आमच्या वसरीवर भाऊंचा फोटो अजून का आहे

आमच्या गावच्या घरी कोणी पहिल्यांदा आलं की वसरीवर बसतं, पाणी पितं, आणि मग समोरच्या भिंतीकडे बघून विचारतं, हे कोण? पुण्या-मुंबईचा पाहुणा असेल तर त्याला खरंच माहीत नसतं. मडगावचा असेल तर पक्कं माहीत असतं की हे भाऊ, म्हणजे गोव्याचे पहिले मुख्यमंत्री दयानंद बांदोडकर, आणि म्हणूनच तो विचारतो, "अजून भाऊंचा फोटो?" त्या 'अजून'मध्ये सगळं येतं.

मागच्या चवथीला असाच एक मित्र आला होता, कोंकणीवाला, अगदी कट्टर पण माणूस चांगला. पातोळ्या खाता खाता म्हणाला, ह्या माणसाचं चाललं असतं ना, तर आज गोवा म्हणजे महाराष्ट्राचा एक जिल्हा असता, आणि तुम्ही त्याला हार घालता. मी तेव्हा काहीतरी बोलून वेळ मारून नेली. पण हा प्रश्न मला इतक्यांदा विचारून झालाय की एकदा नीट लिहूनच टाकावं म्हटलं.

महाराष्ट्रातल्या वाचकांसाठी थोडं मागचं. भाऊंचा जन्म पेडण्याचा, १९११ चा. धंदा खाणींचा, म्हणजे पैसेवाले, आणि सढळ हाताचे म्हणून आधीपासूनच प्रसिद्ध. गोवा १९ डिसेंबर १९६१ ला सुटला, पहिली निवडणूक झाली १९६३ च्या डिसेंबरात. विधानसभेच्या ३० जागा, त्यातल्या २८ गोव्यातल्या आणि दमण, दीवची एकेक. सगळ्यांना वाटत होतं काँग्रेस येणार, दुसरं कोण येणार, देशभर तेच होते आणि पोर्तुगीजांच्या तुरुंगात जाऊन आलेली माणसंही त्यांच्याकडे होती. काँग्रेसला गोव्यात एकही जागा मिळाली नाही. शून्य. गोवा महाराष्ट्रात विलीन करा म्हणणाऱ्या भाऊंच्या महाराष्ट्रवादी गोमंतक पक्षाला, म्हणजे मगोला १४, त्यांच्या सोबतच्या प्रजा समाजवाद्यांना २, आणि विलीनीकरणाला विरोध करणाऱ्या डॉ. जॅक सिक्वेरांच्या युनायटेड गोवन्सला १२. भाऊ स्वतः त्या निवडणुकीत उभेसुद्धा नव्हते, मुख्यमंत्री झाले आणि मग मडकईच्या पोटनिवडणुकीतून आमदार झाले. तिथपासून १२ ऑगस्ट १९७३ ला जाईपर्यंत, मधले चारेक महिने सोडले तर, गोव्याचे मुख्यमंत्री तेच.

मगोला मतं कोणी दिली हे समजायचं तर भाटकार आणि मुंडकार हे दोन शब्द माहीत पाहिजेत. भाट म्हणजे माडांची बाग, भाटकार म्हणजे तिचा मालक, आणि मुंडकार म्हणजे त्याच्या जमिनीत झोपडी घालून राहणारा, जो माड राखणार, बोलावलं की कामाला जाणार आणि ऊठ म्हटलं की उठणार. कूळ वेगळं, ते शेत कसणारं. आमचे आजोबा दोन्ही होते. शेत भाटकाराचं, घराखालची जमीनही भाटकाराची. दहा खंडी भात पिकलं तर पाच खंडी डोक्यावरून त्याच्या कोठारात नेऊन घालायचं, आणि ते घालताना अंगणात चप्पल काढून उभं राहायचं, हे आजोबा सांगायचे तेव्हा त्यांना भातापेक्षा चपलेचा राग जास्त होता. भाटकार काही सगळे ख्रिश्चन नव्हते बरं का, बाहेरच्यांचा हा गैरसमज असतो. हिंदू, ख्रिश्चन, सारस्वत, देवस्थानं, सगळे भाटकार होते.

अशा माणसाला १९६३ मध्ये कोणीतरी येऊन सांगतं, कसेल त्याची जमीन. आणि सांगणारा स्वतः गोमंतक मराठा समाजातला, पिढ्यान् पिढ्या देवळांच्या सेवेत असलेल्या ज्या समाजाला देवळाच्या आवारात काय काय ऐकून घ्यावं लागलं ते गोव्यात सगळ्यांना माहीत आहे. आजोबांना विलीनीकरण म्हणजे काय ते धड कळलं होतं की नाही मला शंका आहे, पण हा आपल्यासारखा माणूस आहे हे एका झटक्यात कळलं होतं.

१९६४ मध्ये कूळ कायदा आला. कुळाला सहजासहजी हाकलता येईना आणि खंड, म्हणजे भाटकाराला द्यायचा वाटा, उत्पन्नाच्या सहाव्या हिश्शावर आला. अर्ध्यावरून सहावा हिस्सा, हे गणित आमच्या घरात शाळेत न गेलेल्यांनाही येत होतं. आणि शाळा. गावोगाव मराठी प्राथमिक शाळा निघाल्या, इमारत नसेल तर देवळाच्या सभामंडपात, कोणाच्या पडवीत, गोठ्याशेजारी. आमचे बाबा १९६४ ला अशाच एका पडवीत पहिलीत बसले, आमच्या वाड्यावरची शाळेत गेलेली ती पहिली बॅच. पुढे बाबा सरकारी नोकरीत क्लार्क झाले, मी इंजिनिअर झालो आणि आता पुण्यात बसून हे टाइप करतोय. आता ह्यावर मित्राचं म्हणणं असं की शाळा काढल्या ते विलीनीकरणासाठी, पोरांना मराठी शिकवून गोव्याचा महाराष्ट्र करायचा होता. असेलही. मराठीचा आग्रह राजकीय होताच, ते नाकारण्यात काही अर्थ नाही. महाराष्ट्रातून डेप्युटेशनवर अधिकारी आणले आणि त्यांच्यातले काही इथल्या लोकांशी जे वागले त्याचा राग तर मगोच्याच लोकांनाही होता. पण त्या पडवीत बसलेल्या पोराला दुसरी कुठली शाळा बोलावत होती, हे मला कोणी सांगत नाही. आमच्याकडे कोंकणीची शाळा तेव्हा नव्हती आणि पोर्तुगीजची होती ती आमच्यासाठी नव्हती.

आणि मराठी काही भाऊंनी बाहेरून आणली असंही नाही. आमच्याकडे बोलायचं कोंकणीत, भांडायचं कोंकणीत, पण भजन मराठीत, दशावतार मराठीत, आरती मराठीत. घरातलं पहिलं वर्तमानपत्र मराठी. आणि खरी गंमत इथंच आहे, विलीनीकरणाच्या विरोधात लोकांना जागं केलं ते कोणत्या पेपरनं? मडगावच्या 'राष्ट्रमत'नं, जो मराठी दैनिक होता! उदय भेंब्रे 'ब्रह्मास्त्र' नावाचं सदर त्यात लिहायचे, मराठीत, आणि लोक ते वाचून ठरवायचे की आपल्याला महाराष्ट्रात जायचं नाही. मराठी वाचता येणं आणि महाराष्ट्रात जायचं असणं ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे भाऊंना कळलं नाही, आणि खरं सांगायचं तर पुण्यातल्या माझ्या अर्ध्या मित्रांना अजून कळलेलं नाही.

तर मग तो जनमत कौल. १९६५ मध्ये गोव्याच्या विधानसभेनं विलीनीकरणाचा ठराव केला, महाराष्ट्रानं केला, तिकडे म्हैसूरवाले विरोधात. सिक्वेरांचं म्हणणं, सरकार निवडून दिलं म्हणजे गोवा विकायला दिला असं नाही, लोकांना थेट विचारा. दिल्लीनं ते शेवटी मान्य केलं आणि संसदेत तसा कायदा झाला. मतदान निःपक्ष व्हावं म्हणून भाऊंनी डिसेंबर १९६६ मध्ये राजीनामा दिला, राष्ट्रपती राजवट आली. मतदान १६ जानेवारी १९६७. विलीनीकरण हवं असेल तर फूल, केंद्रशासित राहायचं असेल तर दोन पानं. फुलाला १,३८,१७० मतं, दोन पानांना १,७२,१९१. चौतीस हजार एकवीस मतांनी गोवा गोवा राहिला.

आता आमच्या घरातली गोष्ट, जी मला आजी गेली त्याच्या एखाद वर्ष आधी कळली.

आजोबांनी फुलाला मत दिलं, ते तर उघडच होतं, प्रचारातही फिरले होते. आजीनंही फुलालाच दिलं असं घरात सगळे धरून चालले होते, कारण तिला विचारलंच नव्हतं कोणी. आजीचं माहेर सीमेपलीकडचं, सावंतवाडीकडचं. लग्न होऊन इकडे आली तेव्हा इकडे पोर्तुगीज, तिकडे भारत, आणि पुढे नाकेबंदी झाल्यावर तर नदीपलीकडचं घर डोळ्यांना दिसावं इतक्या जवळ आणि जायला परवाने. विलीनीकरण झालं असतं तर तिचं सासर आणि माहेर एका राज्यात आलं असतं. तिच्याइतकं फुलाला मत द्यायला कारण कोणाला होतं?

पण तिचा बाप भंडारी, माडावर चढून सूर, म्हणजे माडी, काढणारा. मुंबई राज्यात १९४९ चा दारूबंदीचा कायदा आला आणि त्याचा धंदा बसला. लपून काढायचा तर पोलीस, नाही काढायचा तर घरात चूल नाही. आजी तेव्हा पोर होती, मडकी पोलिसांनी अंगणात फोडलेली तिनं बघितली होती. आणि इकडे आमच्या वाड्यावर अर्धे लोक रेंदेर, सूर काढणारे, ते राजरोस माडावर चढत होते. फुलाच्या प्रचारवाल्यांनी आश्वासनं दिली होती म्हणे, गोव्यात तसं काही होणार नाही. आजीचा विश्वास बसला नाही. तिनं दोन पानांवर शिक्का मारला आणि चाळीस वर्षं घरात कोणाला सांगितलं नाही.

मी विचारलं, मग भाऊंचा फोटो? तर म्हणाली, "भाऊ जाय, म्हाराष्ट्र नाका." म्हणजे भाऊ हवेत, महाराष्ट्र नको. एवढंच. जसं काही त्यात विचारण्यासारखं काही नव्हतंच.

आणि ती एकटी नव्हती. बघा ना, कौल हरल्यावर दोनेक महिन्यांत विधानसभेची निवडणूक झाली, आणि ज्या माणसाचा पक्षच विलीनीकरणासाठी जन्मला, ज्याची मुख्य मागणी लोकांनी नुकतीच फेटाळली, त्याच माणसाला त्याच लोकांनी परत निवडून दिलं. मगोच्या जागा १४ वरून १६ झाल्या. १९७२ मध्ये १८. दिल्लीतल्या कुठल्या पंडिताला हे समजलं असेल का माहीत नाही, पण आमच्या आजीला विचारलं असतं तर चार शब्दांत उत्तर मिळालं असतं. सासष्टीत दोन पानं आणि आमच्याकडच्या तालुक्यांत फूल असा नकाशा काढतात, तो ढोबळपणे बरोबरच आहे, फक्त आमच्यासारख्या घरांत नकाशाची रेघ स्वयंपाकघर आणि वसरीच्या मधून गेली होती.

तेव्हा मित्राला माझं पहिलं उत्तर हे की विलीनीकरणाच्या बाबतीत भाऊ चुकले, कौलाचा निकाल बरोबर लागला, मला त्यात शंका नाही. सीमेपलीकडे आजीच्या माहेरचे लोक अजून आहेत, मोठं आजारपण आलं की बांबोळीला गोमेकॉत, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजात, येतात, पोरं रोज सकाळी बाइकवरून गोव्यात नोकरीला येतात आणि रात्री परत जातात. त्यांचं सगळंच वाईट आहे असं नाही, पण लांब कुठल्यातरी राजधानीच्या टोकाला असलेला जिल्हा असणं काय असतं ते ते आम्हाला सांगतात, आम्ही ऐकतो. पण ह्या चुकीचा हिशोब १९६७ लाच झाला. लोकांनी तोंडावर नाही म्हटलं, आणि भाऊंनी ते ऐकलं, पुढची सहा वर्षं त्या न विलीन झालेल्या गोव्याचाच कारभार केला. १९७० मध्ये कला अकादमी उभी केली, फुटबॉलची ट्रॉफी सुरू केली. नाही ऐकून घेऊन काम करत राहणारे पुढारी मी माझ्या आयुष्यात फार बघितलेले नाहीत.

मला जे खटकतं ते वेगळंच आहे आणि त्यावर कोणी भांडत नाही. विधानसभेच्या आवारात भाऊंचा पुतळा आहे मग सिक्वेरांचा का नाही, मोपाच्या विमानतळाला भाऊंचं नाव का नाही दिलं, ह्यावर वर्षानुवर्षं पेपर भरतात. (विमानतळाला शेवटी पर्रीकरांचं नाव लागलं.) पण खाणींचं काय? ज्या माणसानं भाटकाराचा हिस्सा अर्ध्यावरून सहाव्यावर आणला तो स्वतः खाणमालक होता, आणि पोर्तुगीजांनी वाटलेली खाणींची कन्सेशन्स गोवा मुक्त होऊन पंचवीस वर्षं झाली तरी तशीच चालू राहिली, ती रद्द करायला १९८७ मध्ये संसदेला कायदा करावा लागला. कुळाला शेत मिळालं आणि डिचोली, सांग्याकडे त्याच शेतात पावसाळ्यात खाणीचा लाल गाळ उतरला. भाटकार नावाचा मालक दिसत होता, चप्पल काढून त्याच्यापुढे उभं राहावं लागायचं, म्हणून राग आला. गाळाला तोंड नव्हतं. देवळांचंही तसंच, देवळांवर ठराविक घराण्यांचा हक्क ठेवणारा महाजनांचा कायदा १९३३ चा, पोर्तुगीजांचा, अजून तोच आहे, बहुजनांचं सरकार इतकी वर्षं असून त्याला धक्का लागला नाही.

आणि दुसरं म्हणजे तो देणारा हात. आमच्याकडे प्रत्येक घरात भाऊंची एक गोष्ट असते. रस्त्यात गाडी थांबवली, म्हातारीला गाडीत घेतलं, विचारलं काय अडचण, खिशातून काढून दिले. आजोबा ही गोष्ट आमच्याच गावची म्हणून सांगायचे, अगदी वळण कुठलं, झाड कुठलं त्यासकट. पुढे मला तीच गोष्ट फोंड्यातल्या एकानं सांगितली, तीच म्हातारी, फक्त झाड वेगळं. खरी कुठली ते सोडा, मुद्दा असा की लोकांच्या लक्षात कायदा राहिला नाही, खिसा राहिला. कूळ कायद्याचं कलम कोणाला सांगता येत नाही पण भाऊंनी किती दिले ते आकड्यासकट सांगतात. आजही आमदाराच्या दारात सकाळी सकाळी जी रांग असते, पोराला नोकरी, मुलीच्या लग्नाला मदत, ती रांग मला त्याच गोष्टीतून निघालेली वाटते. भाऊंचा स्वतःचा पैसा होता, नंतरच्यांनी तो कुठून आणला ते विचारू नका. हे सगळं भाऊंवर ढकलणं बरोबर नाही, मला कळतं, पण भाटकाराच्या अंगणातून उठलेला माणूस आमदाराच्या अंगणात जाऊन बसला असेल तर कुठंतरी काहीतरी अर्धवट राहिलं ना.

अर्धवट म्हणजे अक्षरशः अर्धवट. १९६४ च्या कायद्यानं कुळाला संरक्षण दिलं, मालकी नाही दिली. मुंडकारांचा कायदा १९७५ चा, आणि कूळ मालक झालं ते १९७६ च्या पाचव्या दुरुस्तीनं, दोन्ही भाऊंच्या कन्या शशिकलाताई काकोडकर मुख्यमंत्री असताना. श्रेय मात्र गावात विचाराल तर भाऊंचं. ताईंच्या वाट्याला काय काय आलं तो वेगळा लेख होईल, एवढंच सांगतो की १९९० मध्ये त्या शिक्षणमंत्री असताना प्राथमिक शाळांना अनुदान फक्त मातृभाषेच्या माध्यमाला असं ठरलं, आणि त्यामुळे चर्चच्या कितीतरी इंग्रजी शाळा कोंकणी माध्यमाच्या झाल्या. भाऊंच्या लेकीच्या हातून कोंकणीच्या शाळा! माझ्या मडगावच्या मित्राला हे सांगितलं की तो विषय बदलतो.

मगोचं आता काय राहिलंय तेही तुम्हाला माहीत आहे. १९७२ ला १८ आमदार, २०२२ ला दोन, आणि ते सरकारला पाठिंबा देऊन आहेत. महाराष्ट्रवादी हा शब्द नावात आहे, त्याचा अर्थ नवीन पोरांना सांगायला गेलं तर हसतात.

तर फोटो. मी एकदा बाबांनाच विचारलं होतं, काढायचा का? घर रंगवायला काढलं होतं, भिंत रिकामी होती, चांगली संधी होती. बाबा काही बोलले नाहीत, आत जाऊन प्लास्टिकच्या पिशवीतली फाइल घेऊन आले. आमच्या शेताचा एक-चौदाचा उतारा, म्हणजे तुमच्याकडचा सातबारा. त्यात कुळाच्या रकान्यात आजोबांचं नाव आणि मालकाच्या रकान्यात अजून भाटकाराचं. कायद्यानं आम्ही १९७६ पासून मालक, पण किंमत ठरवून, पैसे भरून सनद घ्यावी लागते, आणि त्यासाठी भाटकाराच्या वारसांना नोटीस पोचावी लागते, आणि वारस आहेत नऊ, त्यातले दोन लिस्बनला, एक कुठं आहे ते बाकीच्या आठांनाही माहीत नाही. दरम्यान त्याच शेताला आता विमानतळामुळे भाव आलाय, दिल्लीवाल्यांचे एजंट घरी येऊन जातात, कुळाची जमीन अशी विकता येत नाही म्हटलं तर सांगतात, तुम्ही काळजी करू नका, आम्ही बघतो. माझा चुलतभाऊ त्यांचे फोन उचलतो हे मला माहीत आहे.

फाइल मिटवून बाबा म्हणाले, सनद हातात पडली की फोटोचं बघू. मी कॉलेजात होतो तेव्हापासून ते हेच म्हणतायत. मग रंग वाळल्यावर खिळा ठोकायला मलाच स्टुलावर चढवलं, आणि खालून सांगत होते, थोडा डावीकडे, आणखी थोडा.